कवडी (समुद्री गोगलगाय)

कवडी ही उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात राहणारी एक लहान गोगलगाय असून तिच्या कवचालाही कवडी असेच म्हणतात. मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील सायप्रीइडी या कुलात तिचा समावेश होतो. या कुलात दोनशेहून अधिक जाती आहेत व मराठीत त्यांपैकी बहुतेकांना सरसकट कवडी हेच नाव दिले जाते. प्रस्तुत लेखातील जाती मात्र मोनेटारिया मोनेटा ही होय. आशिया व आफ्रिका खंडांच्या मोठ्या भागात शतकानुशतके जी नाणे म्हणून चालली, ती मुख्यतः हीच कवडी. तिच्या कवचाचे जे गुण समुद्रात प्राण्याचे रक्षण करतात, तेच गुण बाजारात तिला चलनाची योग्यता देणारे ठरले. त्यामुळे तिचा इतिहास समजून घेण्यासाठी आधी तिच्या कवचाची रचना पाहावी लागते.

नाव

स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनियस याने १७५८ साली ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या जातीचे वर्णन सायप्रिया मोनेटा या नावाने केले. पुढे तिचा समावेश मोनेटारिया या प्रजातीत करण्यात आला. लॅटिन भाषेत ‘मोनेटा’ म्हणजे टांकसाळ किंवा नाणे. म्हणजे लिनियसने या प्राण्याला नाव दिले ते त्याच्या बाजारातील उपयोगावरून.

मराठी ‘कवडी’ हा शब्द संस्कृत ‘कपर्दिका’ या शब्दापासून आला आहे. ‘कपर्द’ या शब्दाचे कवडी आणि जटा असे दोन्ही अर्थ आहेत, आणि शंकराचे ‘कपर्दी’ हे नाव जटेवरून पडले आहे. संस्कृतात कवडीला ‘वराटिका’ किंवा ‘वराटक’ असेही म्हणतात. गणिताच्या व वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत हाच शब्द विशेष आढळतो.

कवच

पूर्ण वाढ झालेल्या कवडीची लांबी सामान्यतः दीड ते तीन सेंटिमीटर असते. याहून लहान व मोठे नमुनेही सापडतात. कवच जाड, वजनदार व काहीसे चपटे असते. वरून पाहिल्यास त्याची कडा गोल नसून ओबडधोबड षट्कोनी दिसते, कारण दोन्ही बाजूंना, विशेषतः मागील अर्ध्या भागात, गाठींसारखे फुगवटे असतात. या गाठी हीच या जातीची पहिली खूण होय. पाठीचा रंग फिकट पिवळ्यापासून गडद पिवळ्यापर्यंत असून त्यावर कधी करड्या-हिरवट रंगाचे अस्पष्ट आडवे पट्टे, तर कधी एक पुसट सोनेरी वलय दिसते. तळ सपाट व पांढरा असतो. तळाच्या मध्यावर लांबट फट असते, तेच कवचाचे तोंड. या फटीच्या दोन्ही ओठांवर ठळक दाते असतात.

कवडी हातात घेणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो असा, की ही गोगलगाय असेल तर शंखासारखे वेढे कोठे आहेत? त्याचे उत्तर तिच्या वाढीत आहे. लहान वयात कवडीचे कवच पातळ व ठिसूळ असते, तोंड रुंद असते आणि टोकाला वेढ्यांचा शेंडाही स्पष्ट दिसतो. ही अवस्था पाहून तो कवडीचा प्राणी आहे असे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्राणी प्रौढ होऊ लागला की कवचाचा बाहेरचा ओठ आत वळतो, तोंड अरुंद होत फटीएवढे उरते आणि ओठांवर दाते तयार होतात. त्याच काळात कवचाच्या बाहेरील बाजूवर चुन्याचे थर चढू लागतात व जुना शेंडा त्यांखाली झाकला जातो. वेढे नाहीसे होत नाहीत, ते आत गाडले जातात. कवडी उभी कापली असता ते दिसतात, मात्र आतील भिंती प्राण्याने स्वतःच विरघळवून पातळ केलेल्या असतात, त्यामुळे अरुंद तोंडाच्या कवचातही त्याला राहण्यापुरती जागा होते.

ओठ एकदा आत वळला की कवचाची लांबी वाढत नाही, पुढे वाढते ती केवळ जाडी. म्हणून लहान कवडी ही वयाने लहान आणि मोठी कवडी वयाने मोठी असे समजणे बरोबर नाही. दीड सेंटिमीटरची कवडी पूर्ण प्रौढ असू शकते. ही गोष्ट चलनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. वाढता वाढता बदलत जाणारी वस्तू नाणे म्हणून गैरसोयीची असते, तर एका बेटावरील प्रौढ कवड्या बऱ्याच प्रमाणात सारख्या आकाराच्या मिळत.

कवडीची चकाकी घासून आणलेली नसते. बहुतेक गोगलगायींमध्ये कवच स्रवणारा प्रावार हा मऊ पडदा कवचाच्या आतच राहतो. कवडीचा प्रावार मात्र तोंडाच्या फटीतून दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन पाठीवर पसरतो व कवच संपूर्ण झाकतो. त्याचा रंग मळकट पांढरा असून त्यावर काळी नक्षी असते, आणि त्यावर लहान लहान उंचवटे असतात. पाठीवरचे थर हाच प्रावार बाहेरून चढवतो. त्याच्या आच्छादनामुळे कवचावर शेवाळ किंवा इतर चिकटणारे जीव बसू शकत नाहीत, पृष्ठभाग झिजत नाही, आणि एखादा ओरखडा पडला तर तो भरून काढला जातो. अनेक कवड्यांच्या पाठीवर प्रावाराचे दोन भाग जेथे भेटतात तेथे एक फिकट रेषाही राहते. प्राणी मेल्यावर हे संरक्षण संपते. किनाऱ्यावर लाटांनी लोळवलेल्या कवड्यांचा पिवळा रंग व तकाकी जाऊन खालचा निळसर-जांभळा थर उघडा पडतो. व्यापारासाठी कवड्या जिवंत का पकडाव्या लागत, याचे कारण यात आहे.

गुळगुळीत, घुमटाकार पाठीवर खेकड्याच्या नांगीला पकड मिळत नाही, अरुंद व दातेरी फटीतून ती आत शिरत नाही, आणि जाड गाठीदार कडा सहज फुटत नाही. प्रौढ कवडीला तोंड बंद करण्यासाठी इतर अनेक गोगलगायींसारखे झाकण नसते. फटीची अरुंदताच ते काम करते.

रसशास्त्राच्या ग्रंथांत औषधासाठी घ्यावयाच्या वराटिकेची लक्षणे दिली आहेत. ती पिवळसर असावी आणि तिच्या पाठीवर गाठी असाव्यात असे त्यांत सांगितले आहे. वजनानुसार उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे तिचे प्रकारही केले आहेत. पिवळा रंग आणि गाठी ही दोन लक्षणे मोनेटारिया मोनेटाला चपखल लागू पडतात. लिनियसच्या कितीतरी आधी केलेले हे वर्णन जाती ओळखण्याच्या दृष्टीने नेमके आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रासायनिकदृष्ट्या कवच जवळजवळ सर्वस्वी कॅल्शियम कार्बोनेटचे असते.

सारख्या दिसणाऱ्या जाती

या कवडीशी सर्वांत जास्त गल्लत होते ती मोनेटारिया ॲन्युलस या जवळच्या जातीची. तिच्या पाठीवर ठळक नारिंगी-सोनेरी वलय असते, आणि वलयाच्या आतील भाग बहुधा निळसर-करडा दिसतो. कडेला गाठी नसल्याने तिचा आकार लंबगोल व नितळ असतो. अडचण अशी, की मोनेटाचे काही नमुनेही गाठींविना असतात आणि त्यांवर पुसट वलयही असते. अशा वेळी वलयाचा ठळकपणा आणि कडेची ठेवण दोन्ही एकत्र पाहावी लागतात. मोनेटारिया कॅपुटसर्पेंटिस ही याच प्रजातीतील तिसरी परिचित जाती. तिच्या नावाचा अर्थ ‘सर्पाचे डोके’ असा आहे. गडद तपकिरी कडा आणि पाठीवरील पांढरे ठिपके यांमुळे ती लगेच वेगळी ओळखू येते.

मोनेटा आणि ॲन्युलस यांतील हा फरक केवळ संग्राहकांच्या आवडीचा नाही. एकोणिसाव्या शतकात पश्चिम आफ्रिकेतील असंख्य लोकांची साठवलेली पुंजी याच फरकापायी बुडाली. त्याची हकीकत पुढे दिली आहे.

अधिवास व जीवनक्रम

आफ्रिकेचा पूर्व किनारा व तांबडा समुद्र येथपासून हिंदी महासागर ओलांडून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत ही जाती पसरलेली आहे. भारतात ती लक्षद्वीप, अंदमान व निकोबार बेटे आणि मन्नारचे आखात या भागांत आढळते. प्रवाळभित्तीचे उथळ भाग, ओहोटीच्या वेळी खडकांत साचणारी डबकी, मृत प्रवाळाचे तुकडे व सुटे दगड यांच्या खाली ती राहते. दगडांवर वाढणारे शैवाल हे तिचे मुख्य अन्न असून ते ती रॅड्युला नावाच्या दातेरी पट्टीने खरवडून खाते.

नर व मादी वेगवेगळे असतात. मादी अंडी असलेल्या लहान कोशिका दगडाखाली चिकटवते आणि पिले बाहेर पडेपर्यंत आपल्या रुंद पायाने त्यांना झाकून बसते. बाहेर पडणारे डिंभ काही काळ पाण्यात तरंगत वाहतात व नंतर तळावर उतरून कवच वाढवू लागतात. दूरदूरच्या एकाकी बेटांवर ही जाती पोहोचली आहे ती या वाहत्या डिंभांमुळे.

चलन म्हणून कवडी

कवडी टिकाऊ असते, हाताळून फारशी झिजत नाही, हलकी व लहान असते, मोजता येते, वजन करूनही घेता येते, आणि तिची नक्कल करणे तिला समुद्रातून आणण्यापेक्षा महाग पडते. चीनमध्ये शांग काळातील राणी फू हाओ हिच्या थडग्यात सहा हजारांहून अधिक कवड्या सापडल्या आहेत. चिनी लिपीत धन, किंमत, व्यापार अशा अर्थांच्या अनेक चिन्हांत कवडीदर्शक चिन्ह आजही अंतर्भूत आहे. भारतात पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूने मध्यदेशातील लोक खरेदी-विक्रीत कवड्या वापरतात असे नोंदवले आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथाच्या (११५०) आरंभी नाण्यांचे कोष्टक येते, त्याचे पहिले एकक वराटक म्हणजे कवडी हे आहे. २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म आणि १६ द्रम्मांचा १ निष्क. म्हणजे ८० कवड्यांचा पण व १,२८० कवड्यांचा द्रम्म होतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. बंगालमध्ये अठराव्या शतकातही ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहन आणि ४ काहनांचा १ रुपया असा हिशेब चाले. येथेही पण ८० कवड्यांचाच आणि काहन १,२८० कवड्यांचाच. सहा शतकांत राज्ये बदलली, चांदीची नाणी बदलली, पण कवडीची ही मोजणी बदलली नाही.

या कवड्या येत कोठून? बव्हंशी मालदीव बेटांवरून. अकराव्या शतकातील विद्वान अल्‌बिरूनी या बेटांचे दोन गट सांगतो, एक कवड्यांची बेटे आणि दुसरी काथ्याची बेटे. उथळ पाण्यात नारळीच्या झावळ्या टाकायच्या, त्यांवर कवड्या चढल्या की झावळ्या बाहेर ओढायच्या, अशी पद्धत जुन्या अरबी लेखकांनी वर्णिली आहे. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने पुढची कृती दिली आहे. किनाऱ्यावरील खड्ड्यांत कवड्या पुरून ठेवत, मांस कुजून गेले की पांढरे कवच उरे. बंगालचे व्यापारी त्यांच्या बदल्यात तांदूळ देत. येमेनचे लोक तर जहाजाला स्थैर्य यावे म्हणून तळाशी वाळूऐवजी कवड्याच भरत.

इब्न बतूताने दिलेले दर अधिक उद्‌बोधक आहेत. मालदीवमध्ये सोन्याच्या एका दिनाराला ४,००,००० कवड्या मिळत, आणि भाव उतरला की त्याहूनही कितीतरी अधिक. हाच प्रवासी पुढे पश्चिम आफ्रिकेतील माली येथे गेला, तेव्हा तेथे एका दिनाराला १,१५० कवड्या असा भाव त्याने पाहिला. कमीतकमी साडेतीनशे पटींचा हा फरक आहे. कवडीची किंमत कवडीत नव्हती, ती समुद्रापासूनच्या अंतरात होती. जेथे ती दगड उलटला की सापडे तेथे तिला मोल नव्हते. जेथे ती कोणी पाहिलेलीच नव्हती अशा वाळवंटापलीकडच्या बाजारात ती सोन्याच्या बरोबरीने तोलली जाई.

कवडी हे गरिबांचे नाणे होते. मूठभर भाजी, थोडे मीठ, पणतीपुरते तेल अशा खरेदीसाठी चांदीचे नाणे फार मोठे पडे, तेथे कवडी चाले. मोठ्या रकमांसाठी मात्र ती अवजड होई. आसामच्या सीमेवरील सिल्हेट जिल्ह्याचा सारा कवड्यांत वसूल होत असे. १७७८ मध्ये तेथे कलेक्टर म्हणून गेलेल्या रॉबर्ट लिंडसे याने जिल्ह्याचा वसूल २,५०,००० रुपये व दर रुपयाला ५,१२० कवड्या असल्याचे लिहून ठेवले आहे. हा सर्व वसूल कवड्यांत मोजायचा झाल्यास त्यांची संख्या १२८ कोटी होते. एका रुपयातील चांदीचे वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम, तर तेवढ्याच किमतीच्या कवड्या पाच-सहा किलो भरत. त्या साठवायला कोठारे आणि ढाक्याला पोहोचवायला नावांचे तांडे लागत.

ईस्ट इंडिया कंपनीने हळूहळू सारा चांदीत मागण्यास सुरुवात केली. ओडिशात १८०३ नंतर असे घडले. ज्या शेतकऱ्याचे सारे व्यवहार कवड्यांत होत त्याला सारा भरण्यापूर्वी कवड्या विकून रुपये घ्यावे लागले, आणि सरकारच कवडी घेत नाही म्हटल्यावर रुपयाच्या तुलनेत तिचा भाव घसरत गेला. साऱ्याचा आकडा न वाढताही त्याचा भार वाढला. १८१७ च्या पाइक उठावाची जी कारणे इतिहासकार देतात त्यांत हेही एक आहे.

आफ्रिका व गुलामांचा व्यापार

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि नंतर डच व इंग्रज व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर समुद्रमार्गे नेल्या. भारत व श्रीलंका येथील बंदरांत जमा झालेल्या कवड्या जहाजांच्या तळाशी भरून अॅम्स्टरडॅम व लंडन येथे जात, तेथे त्यांचे लिलाव होत, आणि तेथून त्या आफ्रिकेत जाऊन त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. अठराव्या शतकात या व्यापाराने कळस गाठला. तेथे ४० कवड्यांची एक माळ, ५० माळांचे म्हणजे २,००० कवड्यांचे एक ‘शिर’ आणि १० शिरांची एक गोणी अशी मोजणी बऱ्याच भागांत रूढ होती. माळेत ओवण्यासाठी कवडीची पाठ फोडत. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाची किंमत अशा माळांत व गोण्यांत सांगितली जाई. मालदीवच्या किनाऱ्यावर कवड्या वेचणाऱ्याला त्या कोठे जाऊन काय विकत घेणार आहेत, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बेकायदेशीर ठरवल्यानंतरही पाम तेलाच्या खरेदीसाठी कवड्यांची मागणी राहिली. १८४५ च्या सुमारास हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या किनाऱ्यावरील मोनेटारिया ॲन्युलस आणण्यास सुरुवात केली. ही कवडी मालदीवच्या मोनेटापेक्षा मोठी व जड होती, परंतु मुळात अत्यंत स्वस्त मिळे. पश्चिम आफ्रिकेच्या अनेक बाजारांत ती नगास नग या हिशेबाने स्वीकारली गेली आणि जहाजामागून जहाजे येत राहिली. परिणामी कवडीचा भाव कोसळला. ज्यांनी आयुष्यभराची बचत कवड्यांच्या रूपाने घरात पुरून ठेवली होती, त्यांच्या हाती शिंपले उरले. विसाव्या शतकाच्या आरंभी वसाहतींच्या सरकारांनी कवडीचे चलन मोडीत काढले. घाना देशाने १९६५ मध्ये सुरू केलेल्या ‘सेदी’ या चलनाचे नाव मात्र अकान भाषेतील कवडीवाचक शब्दावरून घेतलेले आहे.

मराठी भाषा व लोकजीवनातील कवडी

‘कवडीमोल’, ‘कवडीचुंबक’, ‘फुटकी कवडी’ हे शब्दप्रयोग चलनाच्या काळाचेच अवशेष आहेत. ते सर्व क्षुद्रत्व दाखवतात, कारण महाराष्ट्रात कवडी ही नाण्यांच्या उतरंडीची शेवटची पायरी होती. फुटलेली कवडी तर त्याही खालची.

उपासनेत मात्र तिचे स्थान उलट आहे. तुळजाभवानीचे आराधी, गोंधळी व भुत्ये गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात. जोगवा मागणाऱ्यांच्या वेषात ही माळ व परडी ठळकपणे दिसते. लक्ष्मीपूजनात कवड्या ठेवण्याची चालही पुष्कळ घरांत आहे. बंजारा स्त्रियांच्या भरतकामात आरशांबरोबर कवड्या शिवलेल्या असतात, त्यासाठी आफ्रिकेतल्याप्रमाणेच कवडीला भोक पाडावे लागते.

पचिसीसारख्या खेळांत फाशांऐवजी कवड्या टाकतात. सपाट तळ व फुगीर पाठ यांमुळे टाकलेली कवडी उताणी किंवा पालथी अशा दोनच स्थितींत स्थिर होते, आणि किती कवड्या उताण्या पडल्या यावर दान ठरते. आकार दोन्ही बाजूंनी सारखा नसल्याने दोन्ही शक्यता नेमक्या समान नसतात, आणि झिजलेल्या कवड्यांचा संच नव्या संचापेक्षा वेगळा पडू शकतो.

काही नावे केवळ दिसण्यावरून पडली आहेत. चांगले विरजलेले, घट्ट व तुकडे पडणारे दही ‘कवडी दही’ होय. घरांच्या आसपास आढळणाऱ्या एका बिनविषारी सापाच्या अंगावर पांढरट आडव्या खुणा असतात, त्यावरून त्याला ‘कवड्या’ म्हणतात. विषारी मण्यारशी असलेल्या साम्यामुळे तो पुष्कळदा मारला जातो.